पाहुण्याला बटाटा चालणार नाही

४ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडून घेते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं लिहिता येईल. तुझ्या छोटीचा फोटो पाठवलास, त्याच्या मागे एक ओळ लिहायला हात मोडले होते का तुझे? शाळेत दिवसभर फळा भरून गणितं लिहितोस, बहिणीला चार शब्द लिहिताना खडू संपतो वाटतं.

फोटो मी शिलाई मशीनच्या वर भिंतीला लावलाय. आप्पांना मुद्दाम दाखवला नाही. चहाचा पेला न्यायला म्हणून आले आणि तिथंच उभे राहिले. मी आपली खाली मान घालून शिवतेय, चोरून बघतेय. फोटोजवळ तोंड नेऊन म्हणाले, "हिला दात नाहीत?"

"पुढचे पडलेत. येतील की."

"खाते काय?"

"बाप खातो तेच."

"म्हणजे बटाटा," आप्पा म्हणाले. दुसरा कोणी 'म्हणजे तुरुंग' म्हणेल ना, तसं. मग पेला हातात घेऊन म्हणाले, "समज, उद्या तसला कोणी पाहुणा आपल्याकडे आला. काय वाढायचं त्याला?"

मला हसू आवरेना. म्हटलं, "उकडलेला बटाटा."

झालं! जन्मभर मटणाचं दुकान चालवलेला माणूस तो. पेला आपटला मशीनवर. "या घरातून पाहुणा बटाटा खाऊन गेला, असं कधी झालं नाही. मी असेपर्यंत होणारही नाही!"

तसला पाहुणा म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू दुकानातला अंगरखा खुंटीला अडकवलास, मटण खाणार नाही म्हणालास आणि आप्पांनी सांगितलं, की ज्याला माझं अन्न नको त्यानं माझा उंबरा ओलांडायचा नाही. तेव्हापासून तू येतोस, अंगणातल्या कठड्यावर बसून माझ्याशी बोलतोस आणि जातोस. आई गेली तेव्हासुद्धा तू उंबऱ्याच्या बाहेरच उभा होतास. दोघंही एकाच दगडाचे. मधल्या मध्ये माझा पाटा झालाय.

तर ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पिशवी घेऊन भाजीबाजारात गेले. भाजीबाजारात! मी मागोमाग गेले, तमाशा चुकवायचा नव्हता. प्रत्येक वांगं अंगठ्यानं दाबून बघितलं, उलटं करून बघितलं, वास घेतला. भोपळ्याच्या फाकेपाशी थांबून भाजीवालीला अगदी गंभीरपणे विचारलं, "हे कुठल्या भागाचं?"

ती बाई पोट धरून हसली. "आजोबा, भोपळ्याला मांडी नसते हो!"

आप्पा हसले नाहीत. त्यांनी फाक घेतली.

तुला लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही. तूही बोभाटा करू नकोस. छोटीला पापा. तुला काही नाही.

तुझी ताई

२१ जानेवारी

धाकट्या,

माझ्या एवढ्या मोठ्या पत्राला उत्तर "बघू" एवढंच? बरं, बघ. तू बघेपर्यंत इथं काय चाललंय ते वाच.

आपलं स्वयंपाकघर म्हणजे सध्या आप्पांचं दुकान. खिडकीखालचा कट्टा घासून पांढरा केलाय. सुऱ्या काढल्यात. दुकान बंद झाल्यावर तेल लावून, फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवल्या होत्या ना, त्याच. मला कट्ट्याला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुझी जागा मशीनपाशी.

पहिले काही दिवस नुसती फजिती. वांगं भाजलं, ते बसलं. आप्पांनी चमच्यानं उचललं, परत टाकलं. "हे दात पडलेल्यांचं खाणं." भोपळ्याला तर त्यांनी माफच केलं नाही. अळंब्या आणल्या आणि काय केलं असेल? ओल्या फडक्यात बांधून मागच्या दाराच्या आकड्याला टांगल्या! "मुरू देत, मऊ पडतील." दोन दिवसांनी फडकं सोडलं तर आत काळा चिखल. शेजारची मांजरही वास घेऊन निघून गेली. मी हसले तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

पण एक सांगू? मी हसते खरी, पण या माणसाला हात जोडलेत मी. एवढं वय झालं, गुडघे बोलतात आणि रोज सकाळी पहिल्या इयत्तेत जाऊन बसतो. एका संध्याकाळी ताटातल्या फसलेल्या तुकड्यांकडे बघत म्हणाले, "लोकांना वाटतं मटणाला चव असते. चव मसाल्याची, आगीची आणि चरबीची. मटणाचा असतो तो चावा. दाताला काम पाहिजे. मला चावा सापडला की बाकीचं मी बघतो." आयुष्यभर त्यांनी मटण विकलं, पण मटण म्हणजे काय हे असं सांगताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि परवा सापडायला लागला. मसूर अर्धा कच्चा उकडून निथळला, अक्रोड घेतले आणि कट्ट्यावर दोन सुऱ्यांनी खिमा करायला बसले. तो आवाज आठवतो तुला? टकाटक टकाटक, मध्येच एक ठोका सोडून. लहानपणी आपण त्या आवाजावर उठायचो. दुकान बंद झाल्यापासून घरात तो आवाज नव्हता. मी मशीन थांबवलं आणि ऐकत बसले. डोळ्यांत पाणी आलं, आता लपवून काय करू.

कढईत कांद्यावर परतला तेव्हा घर दरवळलं. मी दोनदा घेतला. आप्पा म्हणाले, "चालेल. पण हा खिमा झाला. पाहुण्याला खिम्यावर भागवायचं नसतं. पाहुण्याला कापून वाढायचं असतं."

म्हणजे अजून काही तरी शिजतंय त्यांच्या डोक्यात.

ताई

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

आज माझ्याकडे बातमी आहे. आधी पाणी पी, मग वाच.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या मावशी तुला माहीत आहेत. आप्पांचं आणि त्यांचं कधी पटलं नाही, कारण दोघांनाही वाटतं गल्लीत आपल्यालाच काय ते कळतं. आप्पा पाव आणायला गेले आणि बोलता बोलता चाव्याचं दुखणं सांगून बसले. मावशी म्हणाल्या, "मग पीठ धुवा की."

"पीठ धुवा म्हणजे? पीठ काय कपडा आहे?"

"अहो दुकानदार, गव्हाचं पीठ घट्ट मळा, झाकून ठेवा, मग पाण्यात चोळत राहा. पांढरं पाणी जाईल. हातात उरेल त्याला दाताखाली धरा आणि मग मला सांगा."

आप्पा तणतणत घरी आले. आले आणि पीठ मळायला घेतलं. परात भरभरून पांढरं पाणी निघालं आणि शेवटी हातात राहिला एक चिवट, लवचिक गोळा. ताणला की मागे येणारा. आप्पांनी तो दोन्ही हातांनी ताणला, उजेडात धरला आणि म्हणाले, "अगं, याला रेषा आहेत!" लहान मूल बेडूक पकडल्यावर जसं ओरडतं ना, तसं.

लगेच काय केलं? टांगला! जित्याची खोड. सकाळी त्याला असा आंबूस वास की मावशी दारातूनच नाक धरून म्हणाल्या, "मांस टांगलं की मुरतं, पीठ टांगलं की आंबतं. एवढं तरी ध्यानात ठेवा." आप्पा चक्क म्हणाले, "ठेवतो." मावशींचा विश्वास बसेना. माझाही नाही.

दुसऱ्या गोळ्याला त्यांनी टांगलं नाही. मीठ, मसाला, वाटलेला मसूर घालून मळला. माझ्याकडून सुती कापडाचा तुकडा मागून घेतला. मी चांगलं विणलेलं दिलं हं, अस्तराचं नाही. त्यात गुंडाळून दोऱ्यानं बांधला. दुकानातली गाठ, सांगायला नको. मंद आचेवर शिजवला, दुकानातली वजनं ठेवून दाबला, गार होऊ दिला. मग रेषांच्या आडवी सुरी चालवली आणि काप आपल्या काळ्या कढईत दोन्ही बाजूंनी लाल केले.

धाकट्या, मी घास घेतला आणि जिभेनं हाड शोधलं. शपथेवर सांगते. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी म्हटलं, "आप्पा, हे मटण नाही यावर कोणी विश्वास ठेवणार नाही." इतके खूश झाले, की उरलेले काप वाटीत घालून स्वतः मावशींकडे पोचवून आले.

तर आता लाज सोडून मागते. ये. तुझ्या बायकोला आणि छोटीला घेऊन रविवारी ये. आप्पा तोंडानं बोलावणार नाहीत, त्यांच्या तोंडाला ते वळणच नाही. पण जे माणूस महिनाभर कट्ट्यापाशी झटतंय, ते कोणासाठी झटतंय हे कळायला काय गणित यावं लागतं?

तुझी ताई

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठोरं. "ताई, कढई तीच आहे का?"

वाचलं आणि डोक्यात सणक गेली. म्हातारा माणूस तुझ्यासाठी हातांची सालं काढतोय आणि आमचे साहेब भांड्याची चौकशी करताहेत! तुला काय काय लिहायचं ते मी मशीन चालवता चालवता पाठ करत होते. सगळं लिहिलं असतं तर कागद जळला असता.

आप्पांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, तुला माहीत आहे. दुपारी सहजच विचारल्यासारखं विचारलं, "आप्पा, ही कढई कधी साबणानं धुतलीय का हो?"

त्यांनी मान वर केली. "कोण विचारतंय?"

"मीच."

"तू नाही. तू जन्मभर या कढईतलं खाल्लंस. कोण विचारतंय?"

मग सांगितलं सगळं. पत्रं लिहिते ते, बोलावलं ते, तुझी ती एक ओळसुद्धा. आता आभाळ कोसळणार म्हणून मी दाराशी सरकून उभी राहिले.

आप्पांनी कढई उचलली आणि खिडकीपाशी नेली. आजोबांच्या वेळची कढई ती. धुवायची नाही, पुसायची आणि चरबीचा हात लावून ठेवायची, हे आपल्याला शिकवलंय त्यांनीच. तळाशी बोट घासलं, बोटाचा वास घेतला आणि खाली बसले.

"चव कढईची होती," म्हणाले. "तरीच म्हटलं, गव्हाला एवढी चव आली कुठून."

मी म्हटलं, "जाऊ दे हो आप्पा. एवढं काय ते. त्याला कळणारही नाही."

त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, सुरी धुतली का. मी कधी रागावलो? विचारणारं गिऱ्हाईक चांगलं. बरोबर विचारलं त्यानं." आणि वर म्हणाले, "माझ्याच दुकानात शिकलाय तो."

धाकट्या, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तुझ्यासाठी 'तो' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आता मी म्हणेन की इथं संपलं असतं तरी चाललं असतं. नवी कढई आणू, पाहुण्याची वेगळी ठेवू, असं मी म्हणालेच. तर उसळले. "वेगळी? एका घरात त्याचं वेगळं, माझं वेगळं? म्हणजे मग उंबरा घरातच आणून ठेवला की!" आणि कढई घेऊन अंगणात गेले. कोळसे पेटवून त्यावर ती पालथी घातली. इतकी तापवली की काळ्या थराच्या खपल्या सुटायला लागल्या. मग विटेचा चुरा आणि राख घेऊन घासत बसले.

आता रडू आलं ते मला. भांडलेच मी त्यांच्याशी. म्हटलं, "आईचा हात आहे हो या कढईला! आजीचा आहे! सगळं खरवडून टाकताय!"

घासता घासताच म्हणाले, "तुझ्या आईचा हात कढईला चिकटलेला नाही. तुझ्या हातात उतरलाय तो. जा, राख आण."

मी राख आणली. दोघांनी मिळून घासली. संध्याकाळपर्यंत ती राखाडी, नागडी झाली होती, बाजारात नवी मिळते तशी. नुसत्या तेलाचे हात देत, तापवत, परत तेल लावत बसलेत आता. आणि मला सांगितलंय, "माझं मटण यापुढे पातेल्यात कर. या कढईत नाही."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. कढई तीच आहे. तीच नाही.

ताई

९ मार्च

धाकट्या,

खोटं लिहिणार नाही. धुतलेल्या कढईतला पहिला काप म्हणजे कागद. मीठमसाला लावलेला कागद. आप्पांनी एक घास चावला, ताट सरकवलं आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपले. मी त्यांना तसं झोपलेलं आई गेली तेव्हा बघितलं होतं. मला वाटलं, संपलं. आणि तुझा राग यायला लागला, मग माझा, मग गव्हाचा.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर कट्ट्यावर अळंब्यांचा ढीग. म्हणाले, "चरबी उसनी होती. आता स्वतःची कमाई पाहिजे."

अळंब्या वाळवल्या, मग कोरड्याच कढईत भाजत बसले. जळायच्या अलीकडे एक क्षण उतरवायच्या. तो क्षण त्यांना नाकानं कळतो, मला नाही कळत, मी दोनदा जाळल्या. कांदा तसाच, काळपट होईपर्यंत. ते सगळं पाण्यात उकळून ते काळं पाणी पिठाच्या गोळ्यात मुरवलं. अक्रोडाचं तेल काढलं. शिजल्यावर कढई निखाऱ्यांवर ठेवून, झाकण घालून धूर दिला. रोज थोडं बदलायचं, रोज चाखायचं. रोज मान हलवायची. मावशीही येऊन बसतात आता चाखायला. दोघं असे वाद घालतात, की माझी शिवण उसवते.

काल आप्पांनी काप चावला, बराच वेळ चावला, आणि मान हलवली नाही.

"हे मटण नाही," म्हणाले. "मटणासारखंही नाही. पण पाहुण्यापुढे ठेवायला लाज नाही वाटणार."

मी खाल्लं. हाड शोधलं नाही या वेळी. आधीचं खाताना मला वाटलं होतं, काय हुबेहूब! हे खाताना कशाची आठवणच झाली नाही. मला विचारशील तर मी हेच दोनदा मागून घेईन. घेतलंच.

आप्पा म्हणाले, "त्याला लिही, भूक घेऊन यायचं." बघ, मी माझ्या पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

रविवारी ये.

ताई

१९ मार्च

धाकट्या,

काल तू इथंच होतास, तर मग पत्र कशाला? तू आप्पांची पाठ पाहिलीस आणि मी तोंड पाहिलं, म्हणून.

तू उंबऱ्यापाशी आलास आणि थांबलास. छोटी तुझं बोट ओढतेय, तुझी बायको तुझ्याकडे बघतेय आणि तू खांबासारखा उभा. मी म्हटलं, आता हा कठड्यावर बसतो की काय! तेवढ्यात आतून आप्पांचा आवाज आला, "आत ये आणि दार लाव! धूर सगळा बाहेर चाललाय!" तू आलास, दार लावलंस. तुला वाटलं असेल ते चिडून बोलले. अरे, धूर द्यायचा कधीच झाला होता. कढई निखाऱ्यांवरून उतरवून त्यांनी झाकून ठेवली होती आणि ते पांढरा अंगरखा घालून, हात पुसत, नुसते उभे होते. सकाळपासून तेवढं एक वाक्य त्यांनी तयार करून ठेवलं असेल, असा माझा अंदाज आहे.

मग गोळा ताटात आला, दोऱ्यानं बांधलेला. मी कात्री घ्यायला वळले. आणि तू काय केलंस, तुझ्या लक्षात तरी आलं का? दोऱ्याचं एक टोक धरून ओढलंस. सगळी गाठ सुळकन सुटली. दुकानातली गाठ अशी सुटते हे या घरातल्या माणसालाच माहीत असतं. आप्पांची सुरी हवेतच थांबली होती.

मग तू काप तोंडात घातलास. चावलास. छोटीनं तर तोपर्यंत दुसरा मागितला होता, बिनदाताच्या बयेनं! आप्पा तुझ्याकडे बघत नव्हते. चुलीकडे, खिडकीकडे, सगळीकडे बघत होते. आणि तू मान वर करून विचारलंस, "आप्पा, हे कुठल्या भागाचं?"

मला वाटलं, मेला हा! माझ्या पत्रातली थट्टा, आणि तीही आप्पांच्या तोंडावर!

ते काय म्हणाले ते तू ऐकलंस. "मांडीचं. तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं."

दुकानात प्रत्येक लाडक्या गिऱ्हाइकाला ते हे म्हणायचे. ओल्या फडक्याखाली उत्तम तुकडा झाकलेला असायचा आणि त्या माणसाला बघितलं की फडकं दूर करून सांगायचे, "तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय." आपण गल्ल्यामागे बसून ऐकायचो. साऱ्या गल्लीला म्हणाले असतील, तुला कधी म्हटलं नव्हतं. एवढं बोलून ते चुलीकडे वळले आणि तू पुढचा काप घेतलास. मी त्यांच्या समोर होते. त्यांनी अंगरख्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि मला दटावलं, "धूर आहे." निखारे विझून किती वेळ झाला होता!

तुम्ही गेल्यावर जेवले. तेच, त्याच कढईतलं. पातेल्यात मटण होतं, त्याकडे फिरकले नाहीत. उद्या खातील, सोडणार बिडणार नाहीत, तेवढी आशा धरू नकोस.

आणि आज सकाळी पिशवी घेऊन बाजारात. मी मागोमाग, सवयच लागलीय. भाजीवालीला म्हणाले, "पुढच्या शनिवारी अळंब्या येतील त्यातल्या चांगल्या बाजूला काढून ठेवा."

ती म्हणाली, "का हो आजोबा, परत पाहुणे येणार वाटतं?"

आप्पांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू काही तिनं भलतंच विचारलं.

"पाहुणा कसला? मुलगा येतो माझा."

ये रे बाबा.

आशीर्वाद राहिले होते ना माझ्याकडे? घे. पोतंभर घे.

तुझी ताई